अबोल्यातलं स्पॅनिश

मार्च लागला की आमची बिल्डिंग दबक्या आवाजात बोलू लागते. कधी वरच्या मजल्यावर सावंतांच्या मुलीची दहावी, कधी तळमजल्यावर कुणाची तरी बारावी. टीव्हीचे आवाज खाली येतात, मिक्सर दुपारीच फिरवून ठेवतात, आणि जिन्यात दोन बायका भेटल्या तरी देवळात भेटल्यासारख्या कुजबुजतात. बोरिवली पूर्वेला, हायवेच्या इतक्या जवळ, जिथे ट्रकचे हॉर्न रात्रंदिवस चालू असतात, तिथे आमचा मिक्सर बंद ठेवून त्या पोरीचे किती मार्क वाढणार आहेत देव जाणे. पण आपल्याकडे परीक्षा एका मुलाची नसतेच, सगळ्या जिन्याची असते.

यंदाही तसंच झालं. खिडकीतून सोसायटीच्या आंब्याच्या मोहोराचा वास आला, वरून पाठांतराची एकसुरी गुणगुण आली. माझी काही परीक्षा नाही. पन्नाशीला टेकलेली बाई मी, माझी कोण परीक्षा घेणार? तरी जिभेवर आपोआप एक शब्द आला, ‘सुएलो’.

स्पॅनिशमध्ये सवयीसाठी एक वेगळं क्रियापदच ठेवलेलं आहे. ‘सुएलो’ म्हणायचं आणि पुढे हवं ते जोडायचं: उठणं, चहा पिणं, भांडणं. म्हणजे हे मी नेहमी करते, माझं असंच चालतं. आपल्याला त्यासाठी निराळा शब्द लागत नाही. ‘मी सकाळी चहा पिते’ म्हटलं की रोजच पीत असणार हे ऐकणारा समजून घेतो. पण ती सवय लागली कशी, हे सांगायचं तर मराठी किती दिलदार! सवय लागते, जडते, अंगवळणी पडते. माणूस सरावतो, रुळतो, मुरतो. आणि यात गंमत अशी की सवय आपण करतोय असं फारसं कुणी म्हणतच नाही. ती आपल्याला होते. ताप येतो तशी. आली कधी ते कळत नाही, अंग तापल्यावर कळतं.

मला हे सगळं ज्या फाल्गुनात कळलं, त्याबद्दल लिहायचं आहे. त्या वर्षी मी परीक्षेला बसले होते, आणि घरात नवऱ्याशी अबोला चालू होता. दोन्ही एकदम. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास.

मालाडला माझं ऑफिस. परदेशातल्या हॉटेलांची बुकिंगं चुकली की तिथले पाहुणे चिडून लिहितात, त्यांची समजूत काढायची हे आमचं काम. खूप वर्षं मी ते इंग्रजीत केलं. मग एका जानेवारीत साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि सांगितलं, की इंग्रजीतल्या तक्रारी आता मशीन ऐकून घेणार. स्पॅनिश डेस्क मात्र राहणार आहे. मार्चमध्ये जो स्पॅनिशची बी-वन, म्हणजे तिसऱ्या पायरीची, परीक्षा पास होईल त्याला तिकडे घेऊ. बाकीच्यांचं बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते नोकरी केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. वर्षभर आधी हौस म्हणून मी दोन पायऱ्या चढले होते, रविवारच्या क्लासला जाऊन. आता ती हौस गळ्याशी आली.

क्लास कामत सरांचा. सर जन्मभर जहाजावर होते. दक्षिण अमेरिकेतल्या बंदरांत माल चढवता-उतरवता त्यांनी स्पॅनिश उचललं, आणि निवृत्त झाल्यावर अंधेरीला झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेऊन शिकवणी काढली. भाषा त्यांना सुंदर यायची. पण परीक्षा म्हटली की त्यांच्यातला खलाशी जाऊन दहावीच्या क्लासचा मास्तर जागा व्हायचा.

“तोंडीला पहिला विषय ठरलेला,” त्यांनी सांगितलं. “सवयी. सकाळी काय करता, रविवारी काय करता, जेवताना काय करता. तेव्हा हे घ्या आणि पाठ करा.”

आणि त्यांनी आम्हाला एक आयुष्य सांगितलं. मी सातला उठते. टोस्ट खाते, बिनसाखरेची कॉफी पिते. माझ्याकडे लुना नावाची कुत्री आहे, तिला फिरवते. रविवारी आम्ही समुद्रावर जातो. रात्री जेवताना मी आणि माझा नवरा खूप गप्पा मारतो.

“सर, माझ्याकडे कुत्री नाय,” प्रज्ञा म्हणाली. प्रज्ञा कांबळे माझ्याच ऑफिसातली, घाटकोपरला राहणारी, माझ्यापेक्षा बरीच लहान. तिचीही नोकरी याच परीक्षेला टांगलेली. “आणि नवराही नाय.”

“कुत्री आजपासून आहे. नवऱ्याच्या जागी भाऊ घाल.”

“पण सर, खरं सांगितलं तर?”

“कांबळे, खऱ्याला मार्क नसतात. बरोबरला असतात.”

आम्ही हसलो आणि लिहून घेतलं. आपण सगळे असेच तर मोठे झालो. ‘माझा आवडता प्राणी’ लिहिताना अख्ख्या वर्गाला गायच आवडायची, आणि तिला चार पाय, दोन शिंगं आणि एक शेपटी असायची.

आता अबोल्याचं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे तिळगूळ देऊन गोड बोलायचं ठरवलेलं अजून ताजंच होतं. दहिसरला उदयच्या चुलतभावाची वास्तुशांत होती. (लिहिताना मी उदय लिहिते. घरात आयुष्यभर ‘अहो’.) जेवणं झाली, पुरुष मंडळी पान चघळत बसली, मी मठ्ठ्याचे पेले गोळा करत होते. कुणीतरी विचारलं, “काय वहिनी, ऑफिस काय म्हणतंय?” मी तोंड उघडायच्या आत उदय म्हणाला, “ऑफिस म्हणतंय स्पॅनिश शीक. या वयात! जमलं तर जमलं, नाहीतर बसेल घरी. आईला बरं पडेल, मला गरम पोळ्या मिळतील.”

सगळे हसले. मीही हसले, कारण हातात पेल्यांचा ट्रे होता आणि दुसरं काय करायचं ते सुचेना. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याचंच मला जास्त लागलं. वाईट मनात धरून बोलला असता तर भांडता आलं असतं. पण माझं जाणं-येणं, माझं डोकं, माझा पगार, आणि गरम पोळ्या हे त्याने सहज एका वाक्यात बसवलं, आणि ते वाक्य कुणालाच खटकलं नाही.

रिक्षात मी गप्प. घरी आल्यावर त्याने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” तेच शेवटचं. त्यानंतर आधी मी रागावले म्हणून बोलले नाही, मग त्याने पुन्हा विचारलं नाही म्हणून बोलले नाही, आणि मग सुरुवात कोणी करायची हाच एक नवा वाद होऊन बसला.

अबोल्याचे नियम कुणी शिकवत नाही, पण आपल्याकडे ते सगळ्यांना येतात. आवाज चढवायचा नाही. स्वयंपाक बंद करायचा नाही. पानात वाढताना हात आखडायचा नाही, उलट जरा जास्तच वाढायचं. पाहुणे आले की काही घडलंच नाही असं वागायचं. आणि निरोप तिसऱ्यामार्फत द्यायचा. आमच्याकडे तिसऱ्या म्हणजे सासूबाई. जन्म कुडाळकडचा, सारं आयुष्य मुंबईत गेलं तरी जीभ मालवणीच राहिली.

“आई, म्हणावं गॅस संपलाय,” मी ओट्यापाशी उभी राहून सांगायची. उदय हातभर अंतरावर पेपर वाचत असायचा.

“उदया, गॅस संपलो म्हणता ती.”

“नंबर लावतो म्हणून सांग.”

“नंबर लावता म्हणता गो.”

पहिल्या आठवड्यात आम्हा तिघांनाही यात थोडी मजा वाटली असावी. एकदा तर सासूबाईंनी निरोपात स्वतःचं चार आण्यांचं मीठ घालून दोघांनाही झापलं. पण फेब्रुवारी उजाडला, पंख्याचा वेग वाढला, आणि मला कळायला लागलं की आमचं काहीच अडत नाहीये. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. मी रागावून एक अख्खा माणूस घरातून उणा केला होता, आणि घर व्यवस्थित चालू होतं. पहाटे पाणी आलं की उदय पिंप भरायचा. त्याचा ओला टॉवेल दारावर, किल्ल्या फ्रीजवर. तो लिफ्टच्या दुरुस्तीच्या कामावर सुपरवायझर, घरी आला की आधी हात कोपरापर्यंत धुणार, मग आईच्या खोलीत डोकावणार. त्याने घसा एकदा साफ केला की चहा हवा, दोनदा केला की पेपर हवा. मला सगळं माहीत होतं. त्यालाही माझं माहीत होतं. डबा भरताना मी लोणच्याच्या बरणीकडे हात केला की तो बरणी पुढे सरकवायचा, माझ्याकडे न बघता. एवढी ओळख. या ओळखीच्या जिवावर माणसं जन्मभर गप्प राहू शकतील.

आणि राहतात. एका दुपारी शेंगा सोलता सोलता सासूबाईंनी त्यांच्या जावेची गोष्ट काढली. गावच्या घरातली थोरली जाऊ. नवऱ्याशी कशावरून तरी बिनसलं. कशावरून ते आता कुणालाच आठवत नाही, बहुतेक एका म्हशीवरून. त्या दोघांनी पुढे मुलांची लग्नं केली, घर बांधलं, गणपती बसवले, सगळं एकमेकांशी न बोलता.

“घोव मेलो तरी बोलाक नाय ती,” सासूबाई म्हणाल्या. “रडली. पण रडताना पण तेचा नाव घेवक नाय.”

“इतकं कशाला ताणायचं, आई?”

“ताणल्यान खय? सवय झाली तेंका.”

त्यांनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं, शेंगांकडे बघत. पण ते कुणासाठी सांगितलं होतं हे न कळायला मी दूधखुळी नव्हते. त्या रात्री मी ठरवलं, उद्या बोलायचं. सकाळी उदय दात घासत उभा होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले. वाक्य तयार होतं. तो बाजूला झाला, मला जागा द्यायला, आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला. तयार वाक्य मी गिळलं. आधी परीक्षा होऊ दे, मग बघू. हे ‘बघू’ माझं स्वतःचं होतं.

पोळ्या लाटता लाटता मी कामत सरांचं आयुष्य पाठ करायची. मोठ्याने, कारण जिभेला वळण लागायला हवं. ‘मी मारीदो इ यो सोलेमोस आब्लार मुचो दुरान्ते ला सेना.’ मी आणि माझा नवरा जेवताना खूप गप्पा मारतो. एक पोळी, एकदा हे वाक्य. पाठीमागे तोच नवरा मान खाली घालून भाजी-पोळी खात असायचा. एकही शब्द न कळता.

एकदा त्याने आईला विचारलं, “ही बोलते कुणाशी आत?”

“कुत्र्याशी,” सासूबाई म्हणाल्या. लुनाची गंमत मी त्यांना सांगितलेली होती. “लुना म्हणान कुत्री आसा तिची. सकाळी फिरवक न्हेता.”

तो हसला. मला पाठमोरी असूनही कळलं. मलाही हसू फुटत होतं, पण हसले असते तर अबोला तुटला असता, आणि तो असा फुकटात तोडायचा नव्हता मला. हट्ट असा असतो. त्याला बिचाऱ्याला भूक लागते, पण समोरचं ताट तो दुसऱ्या कुणी वाढलं तरच खातो.

पाठांतर झालं की उरलेल्या वेळात मी स्पॅनिशमध्ये भांडायची. हे कुणाला माहीत नव्हतं. त्या भाषेत नवऱ्याला तू म्हणतात, दुसरं काही म्हटलं तर विचित्र दिसतं. मराठीत जे तोंडातून निघालं नसतं ते कणकेकडे बघत मी धडाधड म्हणायची. तू नेहमी असं करतोस. तू मला कधी विचारत नाहीस. तुला काय वाटतं, मी कोण आहे? व्याकरण चुकत असणार, पण राग शुद्ध होता. माझ्या लक्षात आलं की ज्याच्याशी मी महिनाभर बोललेले नाही त्याच्याशीच मी दिवसभर बोलते आहे, आणि तेही इतक्या सलगीने, की त्याने ऐकलं असतं तर दचकला असता. आईला, भावंडांना, मैत्रिणींना आपण तू म्हणतो आणि ज्याच्या शेजारी झोपतो त्याला अहो म्हणतो. त्यात प्रेम नसतं असं नाही. पण भांडायला अहो फार लांब पडतं.

रविवारी मुलाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल यायचा. तेव्हा आम्ही दोघं सोफ्यावर खेटून बसायचो, एका चौकटीत मावायला. “बाबांची तब्येत कशी आहे?” “मस्त!” मी सांगायची. “आईचा अभ्यास?” “जोरात!” उदय सांगायचा. कॉल संपला की तो खांदा सावकाश बाजूला घ्यायचा. अशाच एका रविवारी मी फोन खाली ठेवला आणि आम्ही नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ तसेच बसलो. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले. आजही मला त्या कुकरचा राग येतो.

परीक्षेचा दिवस आला. ऊन सकाळपासूनच चावत होतं. मी पायात चपला घालत असताना उदय आईला म्हणाला, “मेट्रोने जा म्हणावं. हायवेला खोदकाम आहे.”

“माहिती आहे म्हणावं,” मी म्हटलं.

सासूबाईंनी दोघांपैकी कुणालाच काही सांगितलं नाही. माझ्या हातावर दही-साखर ठेवली आणि आत गेल्या.

लेखी बरी गेली. तोंडीसाठी दोघादोघांना एकदम आत घेणार होते, आधी एकेकाने बोलायचं, मग एकमेकांशी. दारावरच्या यादीत माझ्या नावापुढे प्रज्ञाचं नाव बघून आम्हाला इतका आनंद झाला की आम्ही मिठी मारली. आणि मिठीतच माझ्या मनात पाल चुकचुकली.

“प्रज्ञा, तू काय बोलणार आहेस?”

“सरांचंच ना. तू?”

“मीही सरांचंच.”

“वाट लागली,” प्रज्ञा म्हणाली. “ताई, आपण एकाच घरात राहतो.”

तेवढ्यात आत बोलावलं. एसी लावलेला असूनही समोरच्या स्पॅनिश बाई कागदी पंख्याने वारा घेत होत्या. साठीच्या असाव्यात. शेजारी एक आपल्याकडचे गृहस्थ मार्क लिहायला. बाईंनी प्रज्ञाला खूण केली. प्रज्ञा सातला उठली. तिने टोस्ट खाल्ला, बिनसाखरेची कॉफी प्यायली. लुनाचं नाव आलं तसा बाईंचा पंखा थांबला.

“ओत्रा लुना,” त्या शेजाऱ्याला म्हणाल्या. आणखी एक लुना. गृहस्थ खाली बघून हसले. म्हणजे आमच्या बॅचची कुत्री सकाळपासून या खोलीत ये-जा करत होती. प्रज्ञाचा चेहरा उतरला. ती तशीच कशीबशी समुद्रावर गेली, भावाशी जेवताना खूप गप्पा मारल्या आणि थांबली. आता माझी पाळी. माझ्याजवळ होतं ते सगळं ती बोलून गेली होती.

“आणि सेन्योरा, तुम्ही?” बाईंनी विचारलं. स्वर नम्र होता, पण कंटाळलेला. “तुमच्याकडेही कुत्री आहे?”

मी म्हटलं, “नो. तेंगो सुएग्रा.” नाही. मला सासू आहे.

दोघंही खळखळून हसले. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. आणि मला आता पुढचं काहीतरी सांगणं भाग होतं. मी जेवणाच्या वाक्याला हात घातला, कारण ते जिभेवर बसलेलं होतं. मी आणि माझा नवरा जेवताना, एवढं म्हटलं आणि उरलेलं बाहेर येईना. इतके दिवस त्याच्याकडे पाठ करून म्हटलेलं वाक्य, आणि इथे, तो कितीतरी मैल लांब असताना, मला ते खोटं बोलवेना. मी म्हटलं, “जेवताना बोलत नाही. आधी बोलायचो. आता बोलत नाही.”

अबोल्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात मला माहीत नव्हतं, म्हणून मी तो वर्णन करून सांगितला. आमच्याकडे एक रीत आहे. राग आला की बोलणं बंद करतात. घर एकच, जेवण एकच, बोलणं नाही. गॅस संपला हे मी सासूला सांगते, सासू त्याला सांगते, तो शेजारीच असतो. माझ्याकडे शब्द थोडे होते म्हणून सजवायला वाव नव्हता. आईला, बहिणीला, मैत्रिणीला जे मी सांगितलं नव्हतं ते मी त्या परक्या बाईला लहान मुलासारख्या छोट्या वाक्यांत सांगत होते.

आता दोघींनी एकमेकींशी बोलायचं होतं. प्रज्ञा केव्हाची माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती. परीक्षा बिरीक्षा ती विसरली होती.

“पेरो ताई,” ती म्हणाली, “पोर के?” पण ताई, का?

मी सांगितलं. तो लोकांसमोर मला हसला. मग ती विचारत गेली, चुकत-माकत, पण खरंखुरं. तू रडलीस का? तो चांगला आहे का? मग तू त्याला सांगत का नाहीस? मीही चुकत-माकत सांगत गेले. रडले नाही. चांगला आहे. सांगत नाही, कारण आधी त्याने विचारायला हवं. हे स्पॅनिशमध्ये ऐकताना मला ते फारच पोरकट वाटलं.

बाईंनी हात वर करून आम्हाला थांबवलं. वेळ संपत आली होती. पंखा मिटून त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, अगदी सोपा, पहिल्या महिन्यात शिकवतात तसा. “एस्ता आकोस्तुंब्रादा?”

तुम्हाला याची सवय झाली आहे का?

मी म्हटलं, “सी.” हो.

विचार न करता म्हटलं. मराठीत विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, निदान विचारात तरी पडले असते. हा ‘हो’ माझ्या तोंडून निघाला आणि मला गावच्या त्या जावेचं रडणं आठवलं, नाव न घेतलेलं. त्या खोलीतून मी बाहेर कशी आले मला सांगता येणार नाही.

“ताई, ते खरं होतं की तू स्टोरी मारलीस?” प्रज्ञाने जिन्यात विचारलं.

“स्टोरी.”

“झकास मारलीस यार. वाचवलंस आपल्याला.”

पुढे निकाल लागला तेव्हा कळलं, खरंच वाचलो होतो. दोघीही पास. मी आज त्याच स्पॅनिश डेस्कवर बसते आणि दूरदूरच्या चिडलेल्या माणसांशी सबुरीने बोलते. पण त्या संध्याकाळी यातलं काही ठाऊक नव्हतं. नोकरी राहणार की जाणार याचा विचारही मेट्रोत माझ्या डोक्यात नव्हता. मी उभी होते आणि मला एवढंच कळत होतं, की आज घरात पाऊल टाकल्या टाकल्या बोलायचं. चहा ठेवायच्या आधी, पदर खोचायच्या आधी. हात कामाला लागले की तोंड पुन्हा मिटेल.

उदय त्या दिवशी लवकर आलेला होता. टेबलाशी बसून पोहे खात होता. सासूबाई खाली विळी घेऊन भाजी चिरत होत्या. मी दारातच, खांद्याची पर्स न काढता म्हटलं, “अहो, आले मी.”

त्याने मान वर केली. चेहऱ्यावर काहीतरी उजळून गेलं, मी शपथेवर सांगते. आणि मग तो वळून म्हणाला, “आई, विचार तिला, पेपर कसा गेला.”

त्याने मुद्दाम केलं नव्हतं. त्याची जीभ रोजच्या वाटेने गेली, बस्स. आपण काय केलं हे त्याला स्वतःला कळलंसुद्धा नाही.

सासूबाईंनी विळी आडवी केली. “ती तुझ्याशी बोलली, उदया. माका मधे घेव नको.” त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. “मी काय जल्मभर हयसर बसान रवतलंय?” आणि भाजीचं ताट उचलून आतल्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं. आमच्या घरात ते दार दिवसा कधी लागत नाही.

मग आम्ही दोघंच राहिलो. वरून सावंतांकडचं पाठांतर ऐकू येत होतं, भूगोल असावा. उदयने बशी सरकवली, पुन्हा जवळ घेतली. मी समोरची खुर्ची ओढून बसले.

“कसा गेला?” त्याने विचारलं.

“बरा गेला.”

“काय विचारलं?”

“सवयींबद्दल.”

“मग? काय सांगितलंस?”

“आपलं सांगितलं. आपण बोलत नाही ते.” मला वाटलं तो चिडेल. चिडला नाही. “त्या बाईंनी विचारलं, याची सवय झाली का तुम्हाला? मी हो म्हटलं.”

त्याने बशी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. जानेवारीनंतर पहिल्यांदाच, सरळ.

“मला नाही झाली गं,” तो म्हणाला.